टाळाच्या जागी पाणी

"अहो, शेवटी शेवटी त्यांच्या कानातच पाणी वाजायचं. त्यांचं काय धरून बसताय?"

हे वाक्य मी उंबऱ्याच्या आतून ऐकलं. माझ्या हातात उष्ट्या वाट्या होत्या. मामांचं तेरावं होतं, शेवटची पंगत नुकतीच उठली होती आणि पुरुष मंडळी पडवीत पानसुपारीला बसली होती. बोलणारे गावचे पोलीस पाटील. ते काही वाईट मनाने बोलत नव्हते. त्या दिवशी सकाळपासून त्यांचे डोळे तीनदा भरून आलेले मी पाहिले होते. विषय निघाला होता तो वरच्या आळीचा. डोंगराला अगदी चिकटून जी पाच घरं आहेत, त्यांनी पाऊस संपेपर्यंत खालच्या शाळेत येऊन राहायचं की नाही, याचा. कोणीतरी म्हणालं होतं की बुवा जाण्याआधी सांगत होते, डोंगराच्या पोटात पाणी वाहतंय म्हणून. त्यावर पाटलांनी हे उत्तर दिलं आणि चारदोन जणांनी माना हलवल्या. मी वाट्या खाली ठेवल्या नाहीत. तशीच उभी राहिले...

गोविंदबुवा माझे मामा. पोलादपूरच्या पुढे डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी आहे. वाडीचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांना ते आवडणार नाही. चाळीस वर्षं त्यांनी तिथल्या भजनात मृदुंग वाजवला. आम्ही महाडला राहतो, चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि लहानपणापासून अबोल. सुट्टीत मामाकडे गेले की बायका आईला विचारायच्या, "तुझी पोर मुकी हाय काय गो?" मामा मात्र मला बोलतं करायला बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्या विंग्रजीत मृदुंगाला काय म्हणतात गो, बाय?" मी घाबरत म्हटलं, "ड्रम." ते गंभीर होऊन म्हणाले, "ड्रमात तर तुझी मामी पाणी भरते." आतून मामी ओरडली, "आणि तुमी वाजवता त्यातबी पाणीच असतं, माज्या पिठाची कणीक भिजवून लावता." मामीचं म्हणणं खरं होतं. मृदुंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो खर्जात बोलत नाही. मामा पाण्याचं बोट लावत, थाप मारत, पुन्हा बोट लावत. एका जागी येऊन थांबत. मला दोन थापांमधला फरक कधी कळला नाही. त्यांना तो दुसऱ्या खोलीतूनही कळायचा.

त्यांच्या गावातली एक रीत इथे सांगायला हवी. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. दोन दोन तासांचा पहारा असतो, ज्याचा पहारा त्याने वीणा गळ्यात घेऊन उभं राहायचं. कोणाचा पहारा कधी, याची यादी देवळाच्या भिंतीवर खडूने लिहिलेली असते. महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मामांनी गावाला सुचवलं की हीच यादी डोंगरासाठी लावू. वरच्या आळीच्या मागे एक सपाट कातळ आहे. पाऊस लागून राहिला की त्या कातळावर कोणी ना कोणी बसायचं, कान देऊन. काही वेगळं ऐकू आलं की खाली देवळात टांगलेला लोखंडाचा तुकडा बडवायचा. मामांनी स्वतःसाठी उजाडतानाचा पहारा मागून घेतला. मी त्यांना विचारलं होतं की डोंगराचं ऐकायचं म्हणजे नेमकं काय ऐकायचं. त्यांनी मातीवर तळहात मारून दाखवला. "कणकीसारखाच असतो तो. थोडी ओल लागली की आवाज खोल जातो, बरा वाटतो. ओल जास्त झाली की आवाज बसतो. मग कणीक आपल्या वजनाने सुटते आणि खाली येते." हे सांगताना ते हसले नाहीत. गावाने त्यांच्या कानावर विश्वास ठेवला होता. दोन पावसाळ्यांत त्यांनी एकदाच लोखंड बडवलं. वरच्या आळीतली माणसं भिजत खाली आली, आणि दुपारी त्या आळीच्या गोठ्यामागे बैलगाडीएवढा दगड येऊन पडला.

आता सीडींचं सांगते. सांगायचं होतं ते हेच.

पोलादपूरचा एक साऊंडवाला दरवर्षी सप्ताहाचं रेकॉर्डिंग करून सीडी काढून द्यायचा. मामांकडे अशा त्रेचाळीस सीडी जमल्या होत्या. त्यातल्या बहुतेकांत मामांचे थोरले भाऊ टाळ वाजवत होते. ते वारून बारा वर्षं झाली. पन्नास टाळांमधून मामांना भावाचा टाळ ओळखू यायचा. तो थोडा उंच आणि जरा उशिरा विरणारा आहे, असं म्हणायचे. पावसाच्या दमटपणाने सीडींवर ठिपके पडायला लागले होते, काही अडकत होत्या. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत ते एका पिशवीत सगळ्या घालून आमच्याकडे आले. "बाय, ह्या तुझ्या कम्पुटरात घाल आणि मला एका कार्डात दे." चार दिवस ते माझ्यामागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने एकेक सीडी मधून कडेकडे पुसायची आणि माझ्या हातात द्यायची. गोल गोल पुसायची नाही, हे त्यांना साऊंडवाल्याने शिकवलं होतं.

पहिली सीडी घातली तेव्हा पडद्यावर चौकट आली. मामा पुढे वाकले. "ह्ये काय इचारतंय?"

"क्वालिटी. आवाज किती चांगला पाहिजे ते."

"कमी चांगला कोण मागतं?"

"चांगला घेतला की जागा जास्त लागते, मामा."

"मग लागू दे की. दादाचा टाळ हाय त्यात. सगळा भर."

मी हो म्हटलं. मग ते आईने बोलावलं म्हणून चहाला गेले. चौकटीत वरपासून खालपर्यंत आकडे होते. सगळ्यात वर आवाज जसाच्या तसा ठेवणारा पर्याय होता, मग तीनशे वीस, एकशे अठ्ठावीस, असं उतरत उतरत सगळ्यात खाली बत्तीस, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, व्हॉइस. हा आकडा म्हणजे प्रत्येक सेकंदाचा किती आवाज ठेवायचा त्याचं माप. जेवढा लहान आकडा तेवढा आवाज फेकून दिला जातो, आणि तो परत आणता येत नाही. हे मला ठाऊक होतं. माझ्या लॅपटॉपवर जागा नव्हती. कॉलेजच्या सहलीचे फोटो होते, पाहून झालेल्या मालिका होत्या, त्या पुसल्या असत्या तर जागा झाली असती. मी पुसल्या नाहीत. मी बत्तीस निवडलं. माणसांचेच तर आवाज आहेत, असं मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर मनात त्याहून लहान वाक्य आलं होतं... भजनंच तर आहेत.

अकरा सीडी झाल्यावर मी सहज कानात हेडफोन घालून एक फाइल ऐकली, आणि मग तीच सीडी सरळ लावून ऐकली. सीडीत टाळ होते, लख्ख. फाइलमध्ये शब्द कळत होते, मृदुंगाची थाप कळत होती. टाळ मात्र नव्हते. त्यांच्या जागी एक आवाज होता, भिंतीच्या आतल्या पाइपातून पाणी जावं तसा. टाळ वाजायचा त्या प्रत्येक ठिकाणी ते पाणी यायचं आणि जायचं. आवाज जास्त दाबला की असं होतं. मी हेडफोन काढला. मागे मामा बारावी सीडी पुसत होते. परत पहिल्यापासून करायचं तर त्यांना सांगावं लागलं असतं. मी हात पुढे केला आणि बारावी घेतली.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "बाय, दादाचा टाळ दिसत नाय गो." मी म्हटलं, "स्पीकरचा दोष असेल, मामा." त्यांनी शेजारच्यांचा स्पीकर आणला. मग देवळातल्या मोठ्या कर्ण्यावर लावून पाहिलं. पुन्हा फोन. "सगळी म्हणतात चांगलं वाजतंय. मलाच पाणी ऐकू येतं. टाळ वाजायला पाहिजे तिथं पाणी वाहतं." बाकीचे शब्द ऐकत होते. ते शब्द तर व्यवस्थित होते. त्या गावात टाळ ऐकणारा माणूस एकच होता. त्यावर मी एक वाक्य बोलले. ते वाक्य मी इतक्या दिवसांत कोणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "वयाने होतं असं कधी कधी, मामा."

ते म्हणाले, "व्हय. तसंच असणार." आवाजात राग नव्हता, नवलही नव्हतं.

तरीही मला वाटत होतं की अजून काही बिघडलेलं नाही. मूळ सीडी आहेत. एक दिवस सगळ्या मागून घेईन, मुकाट्याने वरचा आकडा निवडून पुन्हा करीन आणि म्हणेन, नवीन कार्ड आणलंय, हे ऐका. पौषात आईबरोबर गेले. बसमधून उतरून पायवाटेने चढताना मामांचं वालाचं शेत लागतं. लांबून शेतात काहीतरी चमकत होतं. जवळ गेल्यावर दिसलं, काठ्यांना सुतळ्या बांधून सीडी टांगल्या होत्या. वाऱ्यावर फिरत होत्या, उन्हाचे गोळे वालाच्या वेलांवर फिरवत होत्या. आमच्याकडे शेतात असं करतात, माकडं बुजतात म्हणून. मधल्या भोकातून ओवल्या की नीट फिरत नाहीत, म्हणून कडेला तापल्या खिळ्याने भोकं पाडली होती. मामीने अभिमानाने सांगितलं, "आता सगळं कार्डात हाय ना. मग ह्या चकत्यांचा उपेग काय? ह्या वर्षी एक शेंग खाल्ली नाय माकडांनी." मी मोजल्या. त्रेचाळीस होत्या.

त्यानंतर गोष्टी एकामागून एक गेल्या. सप्ताहात मामांनी मृदुंग शेजारच्या वाडीतल्या वादकाच्या पुढे सरकवला. "मला आता कणीक कळत नाय," एवढंच म्हणाले. पाटलांनी समजूत घातली, "बुवा, तुमी नुसता हात ठेवलात तरी वाजंल तो." मामा म्हणाले, "नुसता हात घरवालीपन ठेवंल." लोक हसले, पण मृदुंग त्यांनी घेतला नाही. पावसाळा तोंडावर आला तेव्हा ते देवळात गेले आणि भिंतीवरच्या यादीतलं आपलं नाव स्वतःच्या पंज्याने पुसलं. ज्याला टाळ ऐकू येत नाही त्याने डोंगराचा पहारा करू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. ते चुकीचं नव्हतं. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणून आईने खूप धोशा लावला. ते आले नाहीत. आले असते तर एका तासात सगळं कळलं असतं, आणि आले नाहीत म्हणून मला, लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं होतं.

शेवटची भेट या आषाढातली. पाऊस चार दिवस लागून होता आणि त्या सकाळी जरा उघडला होता. मामा म्हणाले, "चल, बाय, वर जाऊन येऊ." वरच्या आळीच्या मागे गेलो. पहाऱ्याला म्हणून बसलेला माणूस मोबाइलमध्ये होता, त्याने मान वर करून रामराम केला आणि पुन्हा खाली घातली. मामा कातळाच्या टोकाला गेले, बसले, मातीवर तळहात मारला. मग म्हणाले, "पाणी वाहतंय. आतून. पयलं नव्हतं." ते माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "आता ह्ये डोंगरात वाहतंय का माझ्या डोक्यात, त्ये कळायचं कसं? कार्डातबी असंच वाहतं. डिट्टो असंच. तू ऐक. तुझे कान तरणे हायत."

मी गुडघे टेकून कातळाला कान लावला. दगड गार होता. चारी बाजूंनी पागोळ्या, ओढे, पानांवरून गळणारं पाणी, इतके आवाज होते की... मला खालून काहीतरी ऐकू आल्यासारखं झालं. पण ते खरंच खालून होतं का, की मला ते माहीत होतं म्हणून ऐकू आलं? मी बत्तीसचा तो आवाज शंभर वेळा तरी ऐकला होता. मी उठले आणि म्हटलं, "नक्की नाही सांगता येत, मामा."

"मग माझंच असणार," असं म्हणून त्यांनी माझ्या गालावरची माती पुसली.

त्या क्षणी सांगता आलं असतं. तोंडही उघडलं होतं मी. पण त्या चौकटीचं, त्या आकड्यांचं, टांगलेल्या सीडींचं सगळं एका वाक्यात कसं सांगायचं ते मला मराठीत जुळेना, आणि इंग्रजीतही जुळलं नसतं. खाली उतरताना मामांनी पाटलांना गाठून पाण्याचं सांगितलं, आणि पाटलांनी काही विचारायच्या आत स्वतःच पुढे जोडलं, "पण माझ्या कानाचं काय खरं नाय बाबा."

त्यानंतर बरोबर अकराव्या दिवशी फोन आला. आई फोनवर "कुठे?" एवढंच म्हणाली, कधी किंवा कसं असं नाही. मला तेव्हा ते विचित्र वाटलं. मामा कातळावर सापडले होते. उजाडताना. बसल्या जागी गेले, हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्या वेळेचा पहारा ज्याचा होता तो पाऊस थांबला म्हणून उशिरा आला, आणि त्याला वाटलं बुवा डुलकी काढतायत. उजवा तळहात मातीवर पालथा होता, असं त्याने सांगितलं. ज्या माणसाला आपले कान गेले असं खात्रीने वाटतं, तो रोज उजाडताना उठून डोंगराला हात लावायला जाईल का? मामी म्हणाली की त्या भेटीनंतर ते एकही सकाळ चुकले नव्हते. त्यांना विचारलं तर म्हणायचे, पाय मोकळे करून आलो.

त्यांचा मुलगा मुंबईहून निघाला तो वीर स्टेशनला उतरून रिक्षाने आला. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं आणि पाऊस एकदाही पूर्ण थांबला नाही. मी आईला काही सांगितलं नाही. मामीला सांगायचा प्रयत्न एकदा केला. भाकऱ्या थापताना म्हटलं, "मामी, मामांचे कान..." ती म्हणाली, "गेल्या माणसाचं असं काढू नये गो. बाकी सगळं धड होतं ना त्यांचं." तेराव्या दिवसापर्यंत मी गप्प बसू शकले, कारण माझ्या मते ते आता माझं आणि मामांचं होतं. त्याचा अजून कोणाशी संबंध आहे, हे पडवीतलं ते वाक्य ऐकेपर्यंत मला उमगलं नव्हतं.

हे लिहिते आहे तेव्हा गणपती आठ दिवसांवर आहेत आणि डोंगर जागच्या जागी आहे. पाऊस अजून महिनाभर तरी आहे. पाच घरांपैकी कोण खाली आलं आणि कोण वरच राहिलं, ते मी इथे लिहिणार नाही. तो त्यांचा निर्णय होता. पण निर्णय घेताना त्यांच्यापुढे काय ठेवलं गेलं, ते मला लिहायला हवं.

तर मी वाट्या घेऊन उंबऱ्यात उभी होते. बाहेर बोलणं पुढे गेलं होतं. वरच्या आळीतले एक गृहस्थ म्हणत होते की घरं सोडायची सरकारी नोटीस तर दरवर्षी येते, गेल्या साली शाळेत पंधरा दिवस काढले, पोरं आजारी पडली, आणि झालं काय, तर काही नाही. पाटील म्हणाले, "तेच तर. बुवांचे कान शाबूत असते तर मी आज तुमची बोचकी स्वतः उचलली असती. पन त्यांनीच मला सांगितलं, कानाचं खरं नाय." कोणीतरी चुना मागितला. विषय संपत आला होता. अजून थोड्या वेळाने सगळे उठून आपापल्या घरी गेले असते, पाच घरांतली माणसं वर गेली असती.

मी पडवीत पाऊल टाकलं. त्या घरात पुरुष बसलेले असताना मी कधी बाहेर आले नव्हते. पाटलांनी वर पाहिलं. "काय गो बाय? पाणी पायजे काय?" दोघंतिघं हसले, त्यात वाईट काही नव्हतं. मामांचा मुलगा सरकून मला जागा करून देत होता, मी अंगणात जायला वाट मागतेय असं समजून. मी हातातल्या वाट्या खाली ठेवल्या. आवाज फुटला तो माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा होता, आत भांडी घासणाऱ्या बायकाही थांबल्या. मी आकड्यांचं सांगितलं नाही, चौकटीचं सांगितलं नाही.

मी म्हटलं, "पाटीलमामा, त्यांचे कान शेवटपर्यंत चांगले होते. कार्डात टाळ नव्हताच, तो मी घालवला होता, आणि त्याच्या जागी पाणी आलं ते माझ्यामुळे. कार्डातलं पाणी माझं होतं. डोंगरातलं माझं नाही."